घरात बोली, शाळेत मराठी, परीक्षेत इंग्रजी: जनगणनेत भाषा विचारतील तेव्हा काय सांगाल?

जनगणनेत भाषेबद्दल दोनच प्रश्न असतात. पहिला, तुमची मातृभाषा कोणती? दुसरा, त्याशिवाय आणखी कोणत्या भाषा येतात? २०११ च्या जनगणनेत हे १० आणि ११ नंबरचे प्रश्न होते. बऱ्याच घरांत ते अर्ध्या मिनिटात उरकतात. घरातला कर्ता माणूस ओट्यावर बसून ‘मराठीच लिहा साहेब’ म्हणतो, आत चुलीपाशी सगळ्या बाया पावरीत बोलत असतात, आणि कागदावर सगळं घर मराठी होऊन जातं.

नंदुरबार जिल्ह्यात या दोन प्रश्नांना फार महत्त्व आहे. एकाच तालुक्यात चार-चार बोली बोलणारा असा जिल्हा राज्यात क्वचितच सापडेल. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक सरकारने १ मार्च २०२७ ठरवला आहे. पहिल्या टप्प्यात घरांची आणि सोयीसुविधांची नोंद, दुसऱ्या टप्प्यात फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी. भाषेचे प्रश्न आजवर माणसांच्या मोजणीतच विचारले गेले आहेत. म्हणून हे आधीच समजून घेतलेलं बरं.

आपल्याकडे कुठे काय बोलतात

१ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा सहा तालुक्यांचा. २०११ ला लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यातले ६९ टक्क्यांहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे. साक्षरता ६४.३८ टक्के होती, म्हणजे राज्यात सगळ्यात कमी. राज्याची तेव्हा ८२.३४ टक्के होती.

धडगाव, तोरणमाळ आणि शहाद्याच्या डोंगरपट्ट्यात पावरी. अक्कलकुवा, मोलगी, तळोद्याकडे वसावी, तिलाच पुष्कळ जण देहवली म्हणतात. नवापूर, विसरवाडी भागात मावची, आणि तिथेच कोकणा समाजाची कोकणा बोली. तापीकाठच्या सपाटीवर, शहादा-तळोद्याच्या गावांत गुजर समाजाची गुजरी, आणि नंदुरबार-शहादा पट्ट्यात अहिराणी. शहरांत उर्दू, सिंधी, मारवाडी, गुजराती वेगळ्याच. हा ढोबळ नकाशा झाला. एका गावातसुद्धा दोन फळ्यांची बोली वेगळी निघते हे वाचकांना सांगायची गरज नाही.

या बोली म्हणजे ‘अशुद्ध मराठी’ असा समज अजून शाळा-कचेऱ्यांत आहे. तो चुकीचा आहे, आणि हे आज कळलेलं नाही. जॉर्ज ग्रियर्सन या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारसाठी भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली होती. तिच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ ला छापला गेला. त्यात भिल्ल भाषा, खानदेशी आणि बंजारा बोली एकत्र घेतल्या आहेत. मराठीसाठी त्याने सातवा खंड वेगळा ठेवला होता. अहिराणीचंच बघा ना. मराठीत ‘आहे’, गुजरातीत ‘छे’, अहिराणीत ‘शे’. मराठीत ‘मी जातो’, अहिराणीत ‘मी जास’. मुलाला आंडोर, मुलीला आंडेर. अलीकडच्या काळात गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातही महाराष्ट्राच्या खंडात या बोलींना जागा मिळाली. तो खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला.

सांगितलेलं नाव आणि छापून आलेलं नाव

२०११ ला देशभरातल्या लोकांनी मातृभाषेची तब्बल १९,५६९ नावं सांगितली. एकाच बोलीची चार-चार नावं, जातीची नावं, गावांची नावं, सगळं त्यात आलं. जनगणना कार्यालयाने छाननी करून त्यातून १,३६९ मातृभाषा ठरवल्या. आणखी १,४७४ नावं ओळखच न पटल्याने ‘इतर’मध्ये टाकली. मग ज्यांचे बोलणारे देशात १० हजारांहून कमी, त्यांना वेगळी ओळ मिळाली नाही. शेवटी छापून आल्या २७० मातृभाषा, आणि त्या १२१ भाषांखाली गोळा केलेल्या.

म्हणजे तुम्ही सांगितलेलं नाव दोन चाळण्यांतून जातं. आपल्या पावरी, मावची, वसावी, कोकणा, वारली या बोली ‘भिली/भिलोडी’ या भाषेखाली मोजतात. अहिराणी ‘खानदेशी’खाली. बंजारा वाचकांनी हे खास लक्षात घ्यावं: बंजारी आणि लंबाडी ही दोन्ही नावं २०११ ला हिंदीखाली धरली गेली. दोन्ही मिळून ४८ लाखांहून जास्त लोक हिंदीच्या आकड्यात गेले. तांड्यावर गोरबोली बोलणाऱ्या म्हातारीला तुझी भाषा हिंदी आहे म्हटलं तर ती हसेल, पण कागद तसंच सांगतो.

आता हे आकडे बघा. खानदेशी बोलणारे १९९१ ला देशात ९ लाख ७४ हजार होते. २००१ ला ते २० लाख ७५ हजार झाले. २०११ ला उतरून १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत खानदेशी माणसं दुप्पट झाली आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी घटली, असं कुणी म्हणेल का? माणसं त्या वेगाने वाढत नाहीत आणि अशी घटतही नाहीत. बदललं ते लोकांनी काय सांगितलं आणि कागदावर काय लिहिलं गेलं. भिलीचंही तसंच आहे. १९९१ ला ५५ लाख ७२ हजार, २००१ ला ९५ लाख ८३ हजार, २०११ ला १ कोटी ४ लाख.

हा १ कोटी ४ लाखांचा आकडा लहान नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नसलेल्या भाषांमध्ये भिलीचा नंबर पहिला आहे. अनुसूचीत असलेल्या संथाली (सुमारे ७३ लाख ७० हजार) आणि काश्मिरी (सुमारे ६८ लाख) या दोन्हींपेक्षा भिली बोलणारे जास्त आहेत. संस्कृत मातृभाषा सांगणारे २०११ ला २४,८२१ होते, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या बाजारगावाएवढे, पण संस्कृत अनुसूचीत आहे आणि भिली बाहेर. नुसत्या आकड्यावर अनुसूचीत जागा मिळत नाही हे खरं. तरी मागणी करायची तर हातात आकडाच लागतो.

आईची भाषा म्हणजे नेमकी कुठली

जनगणनेची व्याख्या सोपी आहे. लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती तुमची मातृभाषा. आई तान्हेपणीच वारली असेल तर तुमच्या बालपणी घरात मुख्यतः जी बोलली जायची ती. शाळेत कुठली शिकलात, अर्ज कुठल्या भाषेत भरता, जातीच्या दाखल्यावर काय आहे, याचा संबंध नाही. भाषेला लिपी असायला पाहिजे अशीही अट नाही.

दुसरी गोष्ट, हा प्रश्न घराचा नाही, माणसाचा आहे. समजा सासू मोलगीकडची, वसावी बोलणारी. सून विसरवाडीची, मावची बोलणारी. नोकरीमुळे घर नंदुरबारला, आणि सून पोरांशी मराठीत बोलते. मग एकाच घरात सासूची मातृभाषा वसावी, सुनेची मावची आणि पोरांची मराठी लिहिली जाईल. यात काही चूक नाही. चूक तेव्हा होते जेव्हा कर्ता पुरुष एकच उत्तर देतो आणि ते सगळ्यांच्या नावापुढे उतरतं.

आणि प्रगणकाला याबाबत वाद घालायचा अधिकार नाही. आजवरच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे की सांगितलेलं नाव जसंच्या तसं नोंदवायचं. ती भाषा आहे की कुठल्या भाषेची बोली, हे ठरवणं प्रगणकाचं काम नाही. ‘अहो ती बोली झाली, भाषा मराठीच ना?’ असं कुणी म्हणालं तर त्यांना ही सूचना आठवण करून द्या. नम्रपणे. बहुतेक प्रगणक आपल्याच भागातले गुरुजी-बाई असतात, दिवसभर उन्हातान्हात फिरलेले असतात.

नावाच्या बाबतीत दोन खाचखळगे आहेत. ‘आमची आदिवासी भाषा’ असं सांगू नका. आदिवासी हे भाषेचं नाव नाही, ते कुठे धरायचं हे पुढच्या टेबलावर कळणार नाही. दुसरं नवापूरकडच्या कोकणा वाचकांसाठी. घरात आपण सरळ ‘कोकणी’ म्हणतो, पण ऐकणाऱ्याला गोव्याची कोकणी वाटू शकते. ती वेगळी भाषा, आठव्या अनुसूचीतली. ‘कोकणा’ असं स्पष्ट सांगितलं तर हा घोटाळा टळतो.

फेब्रुवारीत घरी कोण असतं?

डोंगरपट्ट्यातली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यातली पुष्कळशी गुजरातमध्ये. परत येतात ती उन्हाळ्यात. मोजणी मात्र फेब्रुवारीत.

२०११ चा नियम असा होता की मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नाही त्याची नोंद घरी होत नाही, तो जिथे सापडेल तिथे होते. म्हणजे अक्कलकुव्याचं जोडपं बारडोलीकडच्या फडावर असेल तर त्यांची भाषा लिहून घेणारा माणूस गुजराती असेल. तिथे ‘मराठी’ म्हटलं काय, ‘गुजराती’ म्हटलं काय, त्याला पटकन लिहून पुढच्या कोपीवर जायचं असतं. फडावरच्या माणसाला बोलीचं नेमकं नाव माहीत असणं घरच्यापेक्षा जास्त गरजेचं आहे. मुकादमाने सगळ्या टोळीची माहिती एकदम सांगून टाकायची पद्धत असते, ती भाषेच्या बाबतीत तरी नको.

आता इंग्रजी. ‘येते’ म्हणजे काय?

दुसऱ्या प्रश्नात मातृभाषेशिवाय जास्तीत जास्त दोन भाषा लिहितात, जी जास्त चांगली येते ती आधी. अट एवढीच की समजून बोलता आली पाहिजे. लिहिता-वाचता नाही आली तरी चालते. बाजारात गुजराती सहज बोलणारी, पण सहीऐवजी अंगठा उठवणारी बाई गुजराती ‘येते’ असं सांगू शकते. उलट, दहावीला इंग्रजीत पास झालेल्या पण दोन वाक्यं न बोलता येणाऱ्या पोराला या व्याख्येने इंग्रजी येत नाही.

प्रत्यक्षात तसं लिहिलं जात नाही. पोरगं इंग्रजी शाळेत जातं ना, मग लिहा इंग्रजी. हे आपल्याच जिल्ह्यात नाही, देशभर होतं. २०११ ला इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशात फक्त २ लाख ६० हजारांच्या आसपास होते, त्यात सगळ्यात जास्त, एक लाखाहून अधिक, महाराष्ट्रातले. पण दुसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे ८ कोटी ३० लाख आणि तिसरी म्हणून सांगणारे ४ कोटी ६० लाख निघाले. सगळे मिळून साधारण १०.६ टक्के. लोक फाउंडेशन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एका पाहणीचे आकडे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात मोठ्या माणसांना इंग्रजी बोलता येते का असं विचारलं तर सुमारे ६ टक्केच हो म्हणाले. शहरात १२ टक्के, खेड्यात ३ टक्के. पाहणी वेगळी, प्रश्न वेगळा, त्यामुळे एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं म्हणता येत नाही. पण खेड्यातला ३ टक्क्यांचा आकडा आपल्या गावांवरून नजर फिरवली तर पटतो.

वाचण्याचं चित्र बरं आहे. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींपुढे इंग्रजीची साधी वाक्यं ठेवली होती. ५७.३ टक्क्यांना ती वाचता आली. वाचणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना अर्थही सांगता आला. हिशेब केला तर शंभरातले ४२ जण इंग्रजीचं सोपं वाक्य वाचून समजू शकतात. ही पाहणी देशातल्या निवडक जिल्ह्यांची होती, सगळ्या देशाची सरासरी नाही. तरी एक दिसतं, आपली पोरं इंग्रजी डोळ्याने ओळखतात, तोंडाने बोलत नाहीत. फोनवर ओटीपी, रिचार्ज, अपडेट, सबमिट सगळं कळतं. बँकेत साहेबाने इंग्रजीत दोन प्रश्न विचारले की मान खाली.

इथे अमेरिकेची पद्धत सांगण्यासारखी आहे. तिथल्या दरवर्षीच्या सरकारी पाहणीत विचारतात: घरी इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलता का? कोणती? आणि इंग्रजी किती येते: खूप चांगली, चांगली, नीट नाही, की अजिबात नाही? न्यू जर्सीत राहणारी पुण्याची कुटुंबंही त्यात घरची भाषा म्हणून मराठी लिहितात. उत्तर माणूस स्वतःच देतो, परीक्षा कुणी घेत नाही, हा कच्चेपणा तिथेही आहे. पण दोन फरक मोठे आहेत. ते आज घरात काय बोलता हे विचारतात, आपण लहानपणी आई काय बोलायची हे विचारतो. आणि ते ‘येते किंवा नाही’ यावर थांबत नाहीत. त्या उत्तरांवरून मतदानाचे कागद कुठल्या भागात कुठल्या भाषेत छापायचे हे तिथल्या कायद्याने ठरतं. आपल्याकडे ‘इंग्रजी येते’ या दोन शब्दांत कलेक्टर आणि सहावीतलं पोरगं एकाच रांगेत उभे राहतात.

शाळेच्या दारात तीन भाषा

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आधी ते पाचवीपासून असायचं. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आज स्वतः आई-बाप आहेत. सपाटीवरच्या मराठी घरातल्या पोराला पहिलीत एक नवी भाषा शिकावी लागते, तोरणमाळच्या पोराला दोन. कारण मराठी हीच त्याच्यासाठी नवी. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, एप्रिल आणि जूनचे दोन्ही शासन निर्णय २९ जूनला रद्द झाले. त्या सगळ्या गदारोळात मराठी म्हणजे मुलांची घरची भाषा असं धरूनच दोन्ही बाजू बोलत होत्या. डोंगरातल्या पोराचा हिशेब कुणी मांडला नाही.

कायदा मात्र घरच्या भाषेच्या बाजूचा आहे. घटनेचं कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेवढं मातृभाषेतून शिकवावं असं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं. तिन्ही ठिकाणी ‘शक्य असेल तिथे’ असा काहीसा दरवाजा उघडा आहे, आणि आपला जिल्हा नेहमी त्याच दरवाजातून बाहेर पडतो. कुठल्या गावात किती पोरांची भाषा पावरी, किती वसावी, हे कागदावरच नसेल तर ती बोली येणारा शिक्षक मागायचा कशाच्या आधारावर?

आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून पुष्कळ मुलं नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत जातात. आई-बापांची इच्छा आम्हाला कळते. इंग्रजी आली तर पोरगं फडावर जाणार नाही, हा त्यांचा सरळ हिशेब आहे आणि तो चुकीचा म्हणायची हिंमत आम्हाला नाही. फक्त एवढं तपासा, की पहिल्या वर्षी पोराला रडू आलं, पोट दुखलं, तर ते ज्या भाषेत सांगेल ती समजणारं एखादं माणूस त्या शाळेत आहे का. प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न विचारायला काही पैसे लागत नाहीत.

मोजणी करणारे आले की

घरातल्या प्रत्येकाची मातृभाषा वेगळी विचारली जाऊ द्या. म्हातारी माणसं घरात असतील तर त्यांनाच पुढे बसवा. बोलीचं नाव गावाने आधीच ठरवून ठेवलं तर उत्तम, म्हणजे एका फळीत ‘पावरी’, दुसऱ्या फळीत ‘पावरा बोली’, तिसऱ्यात ‘भिलोरी’ असं होणार नाही. ग्रामसभेत पाच मिनिटांचा विषय आहे. नाव ठरवणं वेगळं आणि सगळ्यांनी एकच भाषा लिहा असा दबाव आणणं वेगळं, हे मात्र ध्यानात ठेवा. ज्याच्या आईने त्याला मराठीत वाढवलं त्याची मराठीच लिहायची.

इतर भाषांच्या रकान्यात मराठी विसरू नका. मातृभाषा मावची सांगितली म्हणून मराठी जात नाही, ती पुढच्या रकान्यात येते. सपाटीवर आणि शहरात राहणाऱ्यांना मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही येतात, आणि जागा दोनच असतात. जी जास्त सफाईने बोलता ती आधी. इंग्रजी समजून बोलता येत असेल तर लिहा, येत नसेल तर पोराच्या शाळेच्या नावावर लिहू नका.

यंदा मोजणी मोबाइलवर होणार आहे आणि स्वतः ऑनलाइन माहिती भरायचीही सोय जाहीर झाली आहे. प्रगणकाने भरलं असेल तर फोन खिशात टाकण्याआधी भाषेचे दोन रकाने मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. घरातल्या प्रत्येक नावापुढचे.